एकाच चौकात तीन शहरं: मेक्सिकोच्या पहिल्या सांस्कृतिक सहलीची आखणी

मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला, कॅथेड्रलच्या थोडं मागं, जमीन एकदम खाली उतरलेली दिसते. फेब्रुवारी १९७८मध्ये वीज खात्याचे कामगार तिथं खोदत होते. कुदळ एका कोरीव दगडावर आपटली. माती बाजूला केल्यावर सव्वातीन मीटर व्यासाची शिळा निघाली. तिच्यावर कोयोल्शाऊकी या चंद्रदेवतेचे हातपाय तोडलेलं शरीर कोरलेलं होतं. त्या एका शिळेपायी आजूबाजूच्या इमारती पाडल्या गेल्या आणि एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली मेशिका लोकांचं, म्हणजे आपण ज्यांना अॅझटेक म्हणतो त्यांचं, मुख्य देऊळ वर आलं. स्पॅनिश लोकांनी १५२१मध्ये हे शहर जिंकलं आणि जुन्या देवळांचेच दगड वापरून वर आपलं शहर उभारलं. चौकाच्या पूर्वेला राष्ट्रीय प्रासाद आहे. त्याच्या जिन्यावर १९२९ ते १९३५ या काळात दिएगो रिव्हेरानं हीच सगळी कहाणी भिंतभर रंगवली.

देऊळ, चर्च आणि चित्र, तिन्ही एका हाकेच्या अंतरावर. म्हणून माझा पहिला आग्रह असा की मेक्सिकोची सहल आखताना ‘दोन दिवस अवशेष, दोन दिवस जुनी शहरं, एक दिवस संग्रहालयं’ असे कप्पे करू नका. प्रत्येक गावात खालचा थर आधी आणि वरचा नंतर, अशा क्रमानं पाहा. पुढची आखणी त्याच धोरणानं केली आहे.

आधी किती दिवस आणि कुठं, हे ठरवा

पहिल्या खेपेला बारा दिवस धरा आणि तीनच मुक्काम ठेवा: मेक्सिको सिटीत पाच रात्री, पुएब्लात दोन, वाहाकात चार. वाहाकाचं नाव नकाशावर ‘ओआक्साका’ असं वाचता येईल, पण उच्चार ‘वाहाका’ करा, नाहीतर बसस्थानकावर कुणाला कळणार नाही. एक रात्र परतीच्या विमानासाठी हाताशी राहू द्या.

‘आणि चिचेन इत्सा?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ते प्राचीन शहर युकातान द्वीपकल्पात आहे, हजार किलोमीटरहून दूर. तिथलं हवामान वेगळं, इतिहास वेगळा, लोक माया. बारा दिवसांत ते कोंबलं तर दोन दिवस विमानतळावर जातात आणि माया संस्कृतीला एक सकाळ मिळते. वर्षाच्या ३६५ दिवसांशी पायऱ्यांचा मेळ घातलेला तो पिरॅमिड, उश्माल या दुसऱ्या माया शहरातलं कोरीव काम आणि शून्याची खूण वापरून लिहिलेल्या तारखा यांना स्वतंत्र आठवडा द्यावा. शून्य ही ज्यांना आपली गोष्ट वाटते, त्यांनी तर नक्कीच.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल चांगला. मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, पण पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, त्यामुळे सकाळी लवकर निघणाऱ्याचं फारसं अडत नाही. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. तेव्हा वाहाकात राहायची जागा काही महिने आधी धरावी लागते आणि दरही चढतात. त्या दिवसांत घराघरांत वेदीवर झेंडूची रास असते. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा याच मातीतला. निशिगंधही इथलाच.

कंपनीबरोबर जायचं की स्वतः?

दोन्ही चालेल. कंपनीची सहल घेणार असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या: तेओतिवाकान या प्राचीन शहराच्या प्रत्यक्ष अवशेषांमध्ये किती तास मिळणार? गटात किती माणसं? मुक्काम शहराच्या जुन्या भागात की महामार्गालगत? प्रवेश तिकिटं धरलेली आहेत का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाटेत ‘कारखाना भेट’ किती आहेत? तेओतिवाकानच्या एकदिवसीय सहलीत ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेच्या दुकानात तास-दीड तास सहज जातो. तो तास सकाळच्या कोवळ्या उन्हातला असतो, जो तुम्हाला पिरॅमिडपाशी हवा असतो.

स्वतः जाणार असाल तर एका बाबतीत पैसे वाचवू नका: अवशेषांच्या ठिकाणी परवानाधारक वाटाड्या घ्या. प्रवेशद्वारापाशी पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात घातलेले वाटाडे भेटतात. भाषा, वेळ आणि रक्कम आधी ठरवा. माणूस पारखायला मी एक साधा प्रश्न विचारतो: ‘तेओतिवाकान कुणी बांधलं?’ ‘अॅझटेकांनी’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढं जावं. ते शहर सातव्या शतकापर्यंत मोडकळीला आलं होतं. मेशिका लोक या खोऱ्यात आले ते त्यानंतर कित्येक शतकांनी. त्यांना ते उजाडच सापडलं. ‘देव जिथं घडले ती जागा’ अशा अर्थाचं नाव त्यांनी दिलं. मूळ रहिवासी स्वतःला काय म्हणवत हे आजही उलगडलेलं नाही. हे प्रांजळपणे सांगणारा वाटाड्या चांगला.

कागदपत्रं, पैसे, पाणी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा न घेता जाता येतं. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. अमेरिकेतून जाताना नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरल्यामुळे विमानतळावरून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

चलन पेसो. एक पेसो चार-पाच रुपयांच्या आसपास धरून हिशोब करा. पाटीवर डॉलरसारखं चिन्ह दिसलं तरी दर पेसोतच असतो. बँकेच्या एटीएममधून पैसे काढा. बाजारासाठी, छोट्या बससाठी आणि स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ ठेवा. हॉटेलात जेवल्यावर दहा ते पंधरा टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. नळाचं पाणी पिऊ नका.

दिवस पहिला: धावू नका

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच. लांबच्या प्रवासानंतर पहिल्याच दिवशी पिरॅमिड गाठायचा बेत केला तर डोकं ठणकतं आणि धाप लागते. पहिला दिवस चौकात घालवा. भरपूर पाणी प्या, रात्री हलकं जेवा. संध्याकाळी गारवा असतो, स्वेटर हवाच.

मुख्य देवळाचे अवशेष, म्हणजे तेम्प्लो मायोर, पाहताना पायऱ्यांचे एकामागं एक लपलेले संच शोधा. प्रत्येक नव्या राजवटीत जुन्या देवळावर नवं, मोठं देऊळ चढवलं जाई. बांधकामाचे असे सात टप्पे ओळखले गेले आहेत. आपल्याकडे मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदराचं कवच चढतं, तसंच. आतल्या एका टप्प्यावर पर्जन्यदेव त्लालोक आणि युद्धदेव वित्सिलोपोच्त्ली यांची जोडदेवळं शेजारी शेजारी दिसतात. लागून असलेल्या संग्रहालयात ती चंद्रशिळा आहे. ती वरच्या मजल्यावरून खाली वाकून पाहावी, तरच तिची रचना डोळ्यांत भरते.

मग कॅथेड्रल. बांधकाम १५७३ला सुरू झालं आणि १८१३ला संपलं, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या लोक ते बांधत राहिले. मधोमध उभं राहून फरशीकडे नीट पाहा: ती कलती आहे. सगळं शहर सरोवराच्या गाळावर बसलंय आणि खचतंय. छतातून सोडलेला एक ओळंबा ही इमारत कशी कलत गेली त्याची नोंद दाखवतो.

दुसरा दिवस: मानववंशशास्त्र संग्रहालय

चापुल्तेपेक उद्यानातलं हे संग्रहालय १९६४मध्ये उघडलं. पेद्रो रामिरेस वास्केस हे त्याचे वास्तुकार. अंगणात एकाच खांबावर तोललेलं विशाल छत आहे आणि त्यातून पाणी कोसळत राहतं. सोमवारी बंद असतं. मेक्सिकोतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंदच असतात, मोठे अवशेष मात्र सहसा उघडे असतात. रविवारी स्थानिकांना प्रवेश मोफत असल्यानं गर्दी होते. म्हणून सोमवार अवशेषांसाठी आणि आठवड्यातले मधले दिवस संग्रहालयांसाठी राखा.

सगळी दालनं एका दिवसात पाहायचा हट्ट सोडा. तुमच्या वाटेवरची तीनच घ्या: तेओतिवाकान, वाहाका आणि मेशिका. पुढं जे प्रत्यक्ष पाहणार आहात त्याच्या मूर्ती, भांडी, रंग इथं आहेत. जागेवर उघडे दगड तेवढे उरलेत. मेशिका दालनात समोरच सूर्यशिळा आहे, साडेतीन मीटरहून मोठी आणि सुमारे २४ टनांची. ती १७९०मध्ये सोकालोतच सापडली आणि पुढं १८८५पर्यंत कॅथेड्रलच्या मनोऱ्याला बाहेरून लावलेली होती. त्याच वर्षी कोआत्लिक्वे ही सापांचा घागरा घातलेली मातृदेवताही सापडली. तिच्यासमोर मी दर वेळी थांबतो. गळ्यात तळहात, काळीज आणि कवटीची माळ, मस्तकाच्या जागी समोरासमोर आलेले दोन साप. कालीची, चामुंडेची मूर्ती पाहून वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती परकी वाटत नाही. स्पॅनिश काळात तिला पाहून विद्यापीठाच्या लोकांनी पुन्हा पुरून ठेवलं होतं.

तिसरा दिवस: तेओतिवाकान

शहरापासून सुमारे ५० किलोमीटर. उत्तरेच्या बसस्थानकावरून थेट बस मिळते. पहाटेची धरा आणि ‘लॉस पिरामिदेस’ असं स्पष्ट सांगा, कारण तेओतिवाकान नावाच्याच गावाला जाणारी दुसरी बसही असते.

पहिल्या दरवाजातून, दक्षिणेकडून आत शिरा. आधी पिसांच्या सर्पाचं देऊळ, मग मृतांचा रस्ता, उजव्या हाताला सूर्याचा पिरॅमिड आणि शेवटी चंद्राचा. या दिशेनं चाललं की टोकाचा पिरॅमिड मागच्या डोंगराच्या आकारात हळूहळू मिसळत जातो. बांधणाऱ्यांना हेच दाखवायचं असावं, असं तिथं चालताना पटतं. सूर्याचा पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच आहे आणि पायाची एक बाजू सव्वादोनशे मीटरच्या घरात. वर चढायला परवानगी असते-नसते. त्या दिवशीचा नियम दारातच विचारा आणि दोरी ओलांडू नका.

सावली जवळजवळ नाही. टोपी, दोन बाटल्या पाणी, घट्ट बूट. मातीच्या शिट्ट्यांतून जॅग्वारची गुरगुर काढणारे विक्रेते वाटेत भेटतील. नको असेल तर हसून ‘नो, ग्रासियास’ पुरतं.

बहुतेक गट दोन पिरॅमिड पाहून परततात. तुम्ही सूर्य पिरॅमिडच्या मागं पूर्वेला तेपान्तित्लापर्यंत जा. तिथल्या घरांच्या भिंतींवर दीड हजार वर्षांपूर्वीची रंगीत चित्रं आहेत: पाणी, झाडं, फुलपाखरं आणि खेळणारी, गाणारी चिमुकली माणसं. या देशात भिंती रंगवायची परंपरा रिव्हेरापासून सुरू झाली नाही, हे इथं कळतं आणि पुढचा दिवस वेगळ्या डोळ्यांनी पाहता येतो.

परतताना वेळ असेल तर ग्वादालुपेच्या माता मेरीच्या मंदिरापाशी उतरा. स्पॅनिश येण्यापूर्वी तिथल्या टेकडीवर तोनान्त्सिन या मातेचं ठाणं होतं. १२ डिसेंबरला देशभरातून लाखो माणसं चालत, काही गुडघ्यांवर रांगत, इथं येतात. वारी पाहिलेल्याला त्या चेहऱ्यांवरचा भाव समजावून सांगावा लागत नाही.

चौथा दिवस: भिंती

हा दिवस मला सर्वांत प्रिय. क्रांतीनंतर १९२१मध्ये होसे वास्कोन्सेलोस शिक्षणमंत्री झाले. बहुसंख्य जनता निरक्षर, म्हणून इतिहास भिंतींवर रंगवा, असं त्यांनी चित्रकारांना सांगितलं. सुरुवात सान इल्देफोन्सो या जेझुइट पाद्र्यांच्या जुन्या महाविद्यालयात करा. तिथं रिव्हेराचं पहिलं भित्तिचित्र आहे आणि ओरोस्को या चित्रकारानं रंगवलेले जळजळीत जिनेही. चित्रकार फ्रिडा कालो याच शाळेत शिकत होती.

तिथून चार पावलांवर शिक्षण मंत्रालयाची इमारत. रिव्हेरानं १९२३ ते १९२८ या काळात दोन अंगणांभोवतीच्या सगळ्या मजल्यांच्या भिंती भरून काढल्या. ओळखपत्र जवळ ठेवा आणि वरच्या मजल्यापर्यंत जाच, कारण तिथं एक मराठी माणूस आहे. ‘आमची रोजची भाकर’ या चित्रात टेबलाभोवती सगळ्या वर्णांची माणसं बसलीत आणि मधला माणूस भाकरी वाटतोय. तो चेहरा डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा. वर्ध्याचे हे क्रांतिकारक गदर चळवळीतून देशोदेशी भटकत मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले. चित्रासमोर आपल्यापैकी कुणीतरी चार क्षण उभं राहावं, एवढं त्यांचं आपल्यावर देणं नक्कीच आहे.

दुपारी बेय्यास आर्तेस हा कलाप्रासाद. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं रिव्हेराचं भित्तिचित्र लेनिनच्या चेहऱ्यामुळे फोडून टाकलं गेलं. १९३४मध्ये त्यानं ते इथं पुन्हा रंगवलं, लेनिनसकट. त्याच मजल्यावर समोर ओरोस्को आणि बाजूला सिकेरोस हा तिसरा भित्तिचित्रकार आहे, तिघांचे स्वभाव ताडून पाहा.

फ्रिडाचं निळं घर पाचव्या दिवशी. तिकीट फक्त ऑनलाइन, ठरावीक वेळेचं, आणि आठवडे आधी संपतं. घरात तिचे कपडे, चोळ्या, पलंग, चाकाची खुर्ची यांना महत्त्व आहे, मोठी चित्रं कमी. ‘दोन फ्रिडा’ हे १९३९चं चित्र चापुल्तेपेकच्या आधुनिक कला संग्रहालयाचं आहे.

पुएब्ला आणि चोलुला

पूर्वेच्या बसस्थानकावरून दोन तास. आधी शेजारच्या चोलुलाला जा. दुरून टेकडी आणि तिच्यावर पिवळं चर्च दिसतं. ती टेकडी म्हणजे घनफळानं जगातला सगळ्यांत मोठा पिरॅमिड आहे. पायाची बाजू सुमारे चारशे मीटर. गवत आणि मातीनं तो झाकला गेला होता. हवा स्वच्छ असेल तर चर्चमागं पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी धूर सोडताना दिसतो. कुणी काही न बोलता सगळं सांगणारी अशी ही जागा आहे. शेजारचं तोनान्त्सिन्त्लाचं छोटं चर्च चुकवू नका. आतल्या गिलाव्यात स्थानिक कारागिरांनी घडवलेले देवदूत चेहऱ्यानं आणि पिसांच्या मुकुटांनी अगदी इथले आहेत.

पुएब्ला १५३१मध्ये स्पॅनिशांनी नव्यानं वसवलं, म्हणून रस्ते सरळ, काटकोनात. तालावेरा या रंगीत, चकचकीत फरशांनी मढवलेल्या भिंती, सान्तो दोमिंगोतलं सोन्यानं लखलखणारं रोसारियो चॅपल, १६४६चं पालाफोक्स ग्रंथालय, एवढं एका दिवसात चालत होतं. मग जेझुइटांच्या कोम्पान्यिया चर्चमध्ये जा. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून पळवून नेलेली मिरा नावाची मुलगी मनिलाच्या जहाजातून गुलाम म्हणून इथं आणली गेली. कातारिना दे सान हुआन नावानं ती संतिणीसारखी पुजली गेली, १६८८मध्ये वारली आणि याच चर्चमध्ये पुरली गेली. तेव्हा आशियातल्या कुणालाही ‘चिना’ म्हणत, म्हणून ती ‘चिना पोब्लाना’. त्या नावाचा रंगीत पोशाख तिचाच असं तिथले लोक सांगतात, पण तो पुढच्या काळातला आहे.

वाहाका: चार रात्री का?

कारण इथं खालचा थर अजून जिवंत आहे. बाजारात सापोतेक या इथल्या मूळ लोकांची भाषा कानावर पडते.

पहिल्या सकाळी मोन्ते आल्बान. इसवी सनापूर्वी सुमारे ५००मध्ये सापोतेकांनी डोंगराचा माथा सपाट करून हे शहर वसवलं. ‘नर्तक’ म्हणून ओळखले जाणारे कोरीव दगड नीट पाहा: डोळे मिटलेले, अंग वेडंवाकडं. ते नाचणारे नसून मारलेले कैदी असावेत, असं आता मानलं जातं. जानेवारी १९३२मध्ये आल्फोन्सो कासो यांना इथल्या सातव्या थडग्यात मिश्तेक या शेजारच्या मूळ लोकांचं सोनं सापडलं. ते शहरातल्या सान्तो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात आहे, म्हणून डोंगर सकाळी आणि मठ त्याच दुपारी. मठाच्या खिडक्यांतून खाली निवडुंगांची बाग दिसते. नोपाल निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून कोचिनिया हा लाल रंग काढत. चांदीखालोखाल याच रंगावर स्पेनचा इथला व्यापार पोसला गेला. या मठाचं सोनेरी छत कशाच्या पैशांतून उभं राहिलं, ते त्या निवडुंगाकडं पाहून कळतं.

दुसऱ्या दिवशी मित्ला आणि तेओतित्लान देल वाये. मित्लाच्या भिंतींवर दगडाचे हजारो तुकडे चुन्याशिवाय एकमेकांत बसवून नागमोडी नक्षी केली आहे. तेओतित्लानच्या मागावर तीच नक्षी लोकरीत उतरलेली दिसते. विणकराला कोचिनिया दाखवायला सांगा. तो तळहातावर किडा चुरडतो, लिंबू पिळतो, आणि रंग किरमिजीवरून नारिंगीकडं वळतो. घासाघीस करण्याआधी एक गालिचा विणायला किती आठवडे लागले, ते विचारा.

शाकाहारी असाल तर

पोट भरेल, पण विचारावं लागेल. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. भातात कोंबडीचं पाणी असतं. ही वाक्यं पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोय्यो’, म्हणजे मांस नको, चरबी नको, कोंबडीचं पाणी नको. वाहाकाची त्लायुदा, म्हणजे मक्याची मोठी पोळी, मागवताना ‘सिन आसिएन्तो’ म्हणा, कारण त्यावर चरबीचा थर फासतात. भोपळ्याची फुलं, निवडुंगाचे काप, मक्यावरची वित्लाकोचे ही काळी बुरशी, हे सगळं तव्यावरच्या मक्याच्या पोळीत भरून मिळतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो, त्याचा वास एकदा आवडला की सुटत नाही. मोले या घट्ट रश्शात मिरची आणि बऱ्याचदा चॉकलेट असतं, पण तो सहसा कोंबडीच्या पाण्यावर करतात.

निघताना

वाहाकाहून मेक्सिको सिटीला विमानानं तासभर लागतो. बॅगेत गालिचा, काळ्या मातीचं भांडं, आलेब्रिखे म्हणजे रंगीत काल्पनिक प्राण्यांच्या लाकडी मूर्ती, काय हवं ते न्या. मात्र अवशेषांपाशी कुणी कानाशी लागून ‘हे खरं आहे, शेतात सापडलं’ म्हणत छोटी मूर्ती दाखवली तर हात लावू नका. बहुधा ती नवीच असते. खरी असेल तर १९७२च्या कायद्यानं ती राष्ट्राची मालमत्ता आहे आणि देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.